निर्दोषतेचा दाखला



ज्या घटनेपुढे मौन पाळणे हाच शिष्टाचार ठरून गेला आहे, त्या घटनेच्या पश्चात जन्माला आलेल्या उपरोधिक कादंबऱ्यांविषयी बोलण्याचे मी आज पत्करले आहे; आणि एका सत्पुरुषाच्या स्मरणार्थ चालणाऱ्या या मालेत असा विषय बसतो की नाही, हा स्वाभाविक संकोच बाजूला ठेवून चालकांनी मला मोकळीक दिली, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. साठ लक्ष ज्यूंच्या संहाराला आता ऐंशी वर्षे उलटून गेली असली, तरी त्या विषयाच्या वाऱ्यालाही विनोदाने उभे राहू नये, असे मानणारे सज्जन आपल्यातही आहेत, जर्मनीतही आहेत. त्यांच्या भावनेचा अनादर करण्याचे मला कारण नाही. परंतु ज्या ग्रंथांचा परामर्श मी घेणार आहे, त्यांतील एकाही लेखकाने मृतांचा उपहास केलेला नाही. त्यांच्या उपहासाचा विषय आहे तो मागे राहिलेल्यांचा व्यवहार: मारणाऱ्यांचे वारस आणि वाचलेल्यांचे वारस यांनी एकाच देशात, कित्येकदा एकाच जिन्यावर, एकमेकांशी कोणत्या मुद्रेने बोलायचे, याविषयी जी एक अलिखित संहिता तयार झाली, ती.

या संहितेचे मूळ एका कागदात आहे. 1945 नंतर अमेरिकन लष्करी अंमलदारांनी आपल्या ताब्यातील मुलखात जर्मन नागरिकांपुढे 131 प्रश्नांचे एक छापील पत्रक ठेवले, आणि नोकरी, पेशा वा अधिकार हवा असेल त्याने आपल्या पूर्वायुष्याची कैफियत त्यात भरून द्यावी, असा हुकूम काढला. कैफियतीला पुरावा लागतो, म्हणून लोक धर्मगुरूंकडे, शेजाऱ्यांकडे, आणि सुदैवाने एखादा जिवंत सापडलाच तर ओळखीच्या ज्यूकडे, सचोटीचा दाखला मागण्यास धावले. पर्सिल नावाची कपडे धुण्याची पूड तेथे घरोघर वापरात असल्याने या दाखल्यांना लोकांनी ‘पर्सिलशाइन’ असे नाव पाडले. जर्मन समाजाने या विषयावर केलेला हा बहुधा पहिला उपरोध, आणि तो एका अक्षरानेही अतिशयोक्त नव्हता. पुढे 10 सप्टेंबर 1952 रोजी लक्झेंबर्ग येथे पश्चिम जर्मनीचे चान्सेलर आडेनाउअर आणि इस्राएलचे परराष्ट्रमंत्री मोशे शारेत यांनी करारावर सह्या केल्या, इस्राएलला 3 अब्ज मार्क देण्याचे ठरले, आणि राज्याराज्यांतील देण्याघेण्याची एक बाजू कागदोपत्री मार्गी लागली. राज्याचे ऋण अशा रीतीने हप्त्यांनी फेडता येते; व्यक्तीच्या मनाला मात्र जी फारकत हवी असते, तिच्यावर सही करण्यास समोर कोणीतरी हाडामांसाचा माणूस लागतो. आणि अशी माणसे तेथे उरली होती किती? 1933 साली जर्मनीत सुमारे 5 लाख ज्यू होते. युद्धानंतरच्या चार दशकांत तेथील ज्यू संघांच्या सभासदांची संख्या 30 हजारांच्या आसपासच घोटाळत राहिली. मागणी अफाट आणि पुरवठा नगण्य, या विषम प्रमाणातूनच आज ज्याविषयी बोलायचे ते वाङ्मय निपजले आहे.

हा उपरोध काही शून्यातून उद्भवलेला नाही. कवी हायनेपासून त्याची परंपरा सांगता येईल. पण लांब न जाता कुर्ट टुखोल्स्कीने 1922 पासून लिहिलेल्या ‘हेर वेंड्रिनर’च्या स्वगतांकडे पाहावे. बर्लिनमधील हा ज्यू व्यापारी अखंड बोलत असतो: टेलिफोनवर, नाटकगृहात, प्रेतयात्रेतसुद्धा. 1930 सालच्या एका स्वगतात तर हुकूमशाही आली आहे अशी कल्पना करून टुखोल्स्कीने त्याला चित्रपटगृहात बसवले आहे, आणि रस्त्यावर आता बंदोबस्त कसा चोख आहे, याचे कौतुक त्याच्याच तोंडून वदवले आहे. तीन वर्षांनी लेखकाचे ग्रंथ जाळण्यात आले आणि 1935 साली स्वीडनमध्ये त्याने देह ठेवला. वेंड्रिनरमुळे ज्यू वाचक दुखावले होते, कारण त्यांच्या मते हा घरभेदेपणा होता. हा आरोप पुढे प्रत्येक लेखकावर व्हायचा आहे, म्हणून येथे त्याची नोंद केली.

आता मुख्य ग्रंथाकडे वळतो. एडगार हिल्झेनराथ 1926 साली लाइपझिग येथे जन्मला. युद्धकाळात रुमानियाच्या ताब्यातील ट्रान्सनिस्ट्रिया मुलखात मोगिलेव-पोडोल्स्कच्या ज्यू कोंडवाड्यात (घेट्टोत) त्याचे तारुण्य गेले. आणि 1951 पासून न्यूयॉर्कमध्ये उपाहारगृहांत राबून तो उरलेल्या वेळात जर्मनमध्येच लिहीत राहिला. ‘रात्र’ ही त्याची पहिली कादंबरी म्युनिकच्या किंडलर या संस्थेने 1964 साली छापली खरी, पण अगदी थोड्या प्रती काढून ती जवळजवळ गाडून टाकली. कारण काय, तर कोंडवाड्यातील भुकेने माणसे किती हीन होतात, हे त्याने लपवले नव्हते. मेलेल्याच्या अंगावरची लक्तरे ओढणारा, मरणाऱ्याची जागा बळकावणारा ज्यू त्यात होता, आणि असा ज्यू जर्मन वाचकाच्या हाती देणे म्हणजे ज्यूद्वेषाला खतपाणी घालणे, असे प्रकाशनगृहात ठरले. येथे क्षणभर थांबून पाहण्यासारखे आहे. कोंडवाड्यातून वाचून आलेल्या माणसाची जबानी, ज्यूंविषयीच्या कनवाळूपणाने, ज्यूंच्याच नावाने दाबून टाकली गेली. बळी हा सुशील, सोशिक आणि शक्यतो वीणावादन करणारा असावा, अशी या कनवाळू मंडळींची अट होती. बळीला दुर्गुण असण्याचा हक्क नाकारणे हे त्याला माणूसपण नाकारण्याचेच एक सभ्य रूप आहे, हे हिल्झेनराथने त्या दिवशी ओळखले असावे. कारण पुढल्या ग्रंथात त्याने सूड घेतला तो नाझींचा तर घेतलाच, पण या सभ्यांचाही घेतला.

तो ग्रंथ म्हणजे ‘नाझी आणि न्हावी’. जर्मनमध्ये लिहिलेले हे पुस्तक 1971 साली अमेरिकेत इंग्रजी भाषांतराच्या रूपाने आधी बाहेर पडले, कारण मूळ भाषेत ते छापण्यास कोणी धजत नव्हते. साठांहून अधिक जर्मन प्रकाशकांनी हस्तलिखित परत केले असे सांगतात. अखेर 1977 साली कोलोनच्या हेल्मूट ब्राउन या लहानशा प्रकाशकाने धाडस केले, आणि कादंबरीकार हाइनरिश ब्यॉलने गौरवपर परीक्षण लिहिल्यावर वाचक जागे झाले.

कथा अशी. सायलेशियातील व्हीसहाले या कल्पित गावी एकाच दिवशी दोन मुले जन्मतात. माक्स शुल्त्स हा वंशाने निखळ आर्य, पण त्याच्या आईला त्याच्या पाच संभाव्य बापांपैकी नेमका कोणता हे ठाऊक नाही; आणि याचे काळे केस, बाकदार नाक, बटबटीत डोळे असे की नाझी वृत्तपत्रातील ज्यूचे व्यंगचित्र याच्यावरूनच काढले असावे. शेजारचा इत्सिग फिंकेलश्टाइन ज्यू न्हाव्याचा मुलगा, आणि तो मात्र सोनेरी केसांचा, निळ्या डोळ्यांचा, सरळ नाकाचा. माक्स या मित्राच्या बापाकडे केशकर्तनाची विद्या शिकतो, त्यांच्या घरी यिद्दिश शिकतो, सणवार पाहतो. आणि हिटलरचे व्याख्यान ऐकून नाझींच्या एस.एस. दलात दाखल झाल्यावर मृत्युछावणीत इत्सिगला, त्याच्या आईबापांना आणि इतर असंख्यांना ठार करतो. युद्ध हरल्यावर हा खुनी सोन्याच्या दातांची पिशवी घेऊन बर्लिनमध्ये येतो, सुंता करवून घेतो, हातावर आउश्वित्सचा क्रमांक गोंदवून घेतो, आणि इत्सिग फिंकेलश्टाइन हे नाव धारण करून पॅलेस्टाइनकडे जाणाऱ्या जहाजात चढतो. तेथे तो उत्तम न्हावी होतो, त्याहून उत्तम झिऑनवादी होतो, ब्रिटिशांविरुद्ध शस्त्र धरतो, छावणीतून वाचलेल्या स्त्रीशी विवाह करतो, आणि ज्यूंच्या इतिहासावर गिऱ्हाइकांपुढे अशी रसाळ प्रवचने झोडतो की ऐकणाऱ्याला भरून यावे.

या कथेतील विनोद वरवर पाहता वेषांतराचा वाटतो. प्रहसनाइतके जुने ते तंत्र आहे. परंतु हिल्झेनराथची प्रतिभा दिसते ती वेषांतर पुरे करण्यात. शुल्त्स ढोंग करीत नाही. तो खुनी असताना जितक्या मनोभावे खुनी होता, तितक्याच मनोभावे आता ज्यू आहे. समोर जी व्यवस्था असेल तिच्यात उत्कृष्ट ठरणे, एवढाच त्याचा स्वभाव आहे. अशा माणसाला राक्षस म्हणून आपण मोकळे होऊ शकत नाही, आणि पश्चात्तापदग्ध म्हणून क्षमाही करू शकत नाही. युद्धोत्तर जर्मनीत ज्यूविषयी जे एक अतिउत्साही प्रेम उसळले, ज्यू म्हटला की तो बुद्धिमान, विनोदी, भावनाशील असणारच अशी जी नवी श्रद्धा आली, ती जुन्या द्वेषाचीच पालटलेली बाजू होती. आणि ही गोष्ट निबंधांतून सांगितली गेली, पण एका माणसाच्या देहात दोन्ही बाजू वसवून दाखवण्याचे काम या कादंबरीनेच केले. उत्तरार्धात शुल्त्सला एकटेपणाने पछाडले आहे. कोणी पकडत नाही, कोणी ओळखत नाही. मग तो एका निवृत्त जर्मन न्यायाधीशापुढे सारे कबूल करतो आणि न्यायाची मागणी करतो, तेव्हा दोघांना मिळून योग्य अशी शिक्षाच सापडत नाही, कारण फासावर एकदाच चढता येते आणि मृतांची संख्या एक नाही. न्यायाच्या भाषेचे दिवाळे इतक्या सौम्य सुरात वाजवलेले माझ्या वाचनात दुसरे नाही.

भाषेविषयी एक शब्द. या पुस्तकाची वाक्ये आखूड, पुनरुक्तीने भरलेली, लहान मुलाला गोष्ट सांगावी तशी आहेत. रुची नाजूक असलेल्यांना त्यातील ग्राम्यपणा खटकेल; मलाही काही पाने खटकली. पण गंभीर, गोलाकार, शोकमग्न गद्य त्या काळी जर्मनीत सरकारी समारंभांचे गद्य झाले होते, आणि त्याच्या विरुद्ध उभे राहायचे तर न्हाव्याच्या दुकानातील बोलीच हवी होती.

वास्तवाने या कल्पनेची नक्कल करायला फार वेळ लावला नाही. 1995 साली बिन्यामिन विल्कोमिर्स्की या नावाने मायदानेक आणि आउश्वित्स येथील बालपणाच्या आठवणी प्रसिद्ध झाल्या, त्यांना पारितोषिके मिळाली, वाचकांनी अश्रू ढाळले; आणि 1998 साली डानिएल गान्त्सफ्रीड या पत्रकाराने दाखवून दिले, की हा गृहस्थ स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेला, ज्यू नसलेला, दत्तक गेलेला ब्रूनो होता. शुल्त्सने जीव वाचवण्यासाठी जे केले, ते याने केवळ दुःखाला प्रतिष्ठा मिळावी म्हणून केले. बळी होणे ही पदवी झाली, की ती बनावट कागदांवर मिळवणारे निघतातच.

ज्यू समाजाच्या आतला उपरोध निराळ्या जातीचा. राफाएल झेलिगमान 1947 साली तेल अवीवला जन्मला आणि दहाव्या वर्षी आईबापांसह जर्मनीत आला. त्याची ‘रुबिनश्टाइनचा लिलाव’ ही कादंबरी घेण्यास प्रकाशक नाखूश होते, म्हणून 1988 साली त्याने ती स्वखर्चाने काढली. म्युनिकमधील ज्यू तरुण, त्याची जाच करणारी आई, आणि जिचा बाप एस.एस.मध्ये होता अशी प्रेयसी, एवढ्यावर सारा खेळ. ज्यू संघातील वडीलधारे खवळले, कारण घरातले भांडण शेजाऱ्याने ऐकले होते आणि शेजारी जर्मन होता. झेलिगमानची नंतरची ‘आदर्श ज्यू’ ही 1997 सालची कादंबरी कल्पनेने अधिक चतुर आहे: जीन्स विकणारा मोइशे बेर्नश्टाइन वृत्तपत्रसृष्टीत एकदम तळपतो, कारण जे लिहिण्याची संपादकांना इच्छा आहे पण छाती नाही, ते ज्यूच्या सहीने छापता येते. कल्पना अशी हाती लागल्यावर तिची कारागिरी मात्र ढिली राहिली आहे. पात्रे घोषणांसारखी बोलतात.

कारागिरी हवी तर माक्सिम बिलरकडे जावे. प्रागमध्ये 1960 साली जन्मलेला आणि दहाव्या वर्षी जर्मनीत आलेला हा लेखक भांडकुदळ आहे. मित्र जोडण्याचे त्याला शास्त्र ठाऊक नाही. त्याच्या 1990 सालच्या कथासंग्रहातील ‘हार्लेम होलोकॉस्ट’ या दीर्घकथेत निवेदक जर्मन आहे, त्याचे नाव ज्यू वाटावे असे आहे, आणि एका अमेरिकन ज्यू लेखकाने आपल्याला, आपल्या प्रेयसीला, आपल्या साऱ्या अपराधभावनेला वेठीस धरले आहे असे त्याला वाटते. ज्यू येथे खरोखर उद्दाम आहे, की जर्मनाचे आजारी मन त्याला उद्दाम पाहते? आपण निर्णय करीत असतानाच शेवटी जोडलेल्या एका छोट्या टिपणाने निवेदनाचा पायाच काढून घेतला जातो, आणि ज्याला आपण मनात हसलो तो कोण, असा प्रश्न वाचकाच्या गळ्यात पडतो.

उपरोधाचा हक्क एकाच बाजूस आहे काय? 2002 साली जर्मन लेखक मार्टिन वाल्झरने ‘एका समीक्षकाचा मृत्यू’ ही कादंबरी लिहून याची परीक्षाच घेतली. त्यातील मस्तवाल दूरचित्रवाणी-समीक्षक म्हणजे मार्सेल राइश-रानित्स्की, हे कोणालाही सांगावे लागत नव्हते; आणि राइश-रानित्स्की वॉर्सा येथील कोंडवाड्यातून निसटून वाचलेला होता. ‘फ्रांकफुर्टर आल्गेमाइने’ या दैनिकाचा संपादक फ्रांक शिरमाखर याने ती क्रमशः छापण्यास नकार दिला आणि नकार खाजगी न ठेवता उघड्या पत्राने जाहीर केला, तेही पुस्तक लोकांच्या हाती पडण्यापूर्वी. वाद महिनाभर पेटला. माझे मत विचाराल तर साहित्यजगतातील दंडेलीवर टीका करण्याचा वाल्झरला हक्क होता. पण ज्याला एकदा एका राज्याने मारण्याचा प्रयत्न केला, त्याच्या खुनाचे दिवास्वप्न विनोद म्हणून रंगवताना लेखणीला जी जाग असावी लागते, ती तेथे नाही. प्रसंग थट्टेचा, पण सूर तक्रारीचा. आणि स्वतःची कीव करणारा उपरोध टिकत नाही.

जर्मन बाजूचेच दुसरे उदाहरण, टिमुर फेर्मेसचे ‘तो परत आला आहे’ हे 2012 सालचे पुस्तक दहा लाखांहून अधिक खपले. हिटलर आजच्या बर्लिनमध्ये जागा होतो आणि विनोदी नट समजून दूरचित्रवाणी त्याला डोक्यावर घेते. किंमतही 19.33 युरो ठेवण्याचा चावटपणा प्रकाशकाने केला. त्यातील एक क्षण मात्र अस्सल आहे: ज्यूंचा विषय थट्टेचा नव्हे, अशी ताकीद निर्मातीबाई त्याला देतात आणि तो मनापासून होकार देतो. दोघांचे एकमत होते आणि अर्थ मात्र परस्परविरुद्ध, हे वाचकालाच तेवढे कळते. बाकी पुस्तकात ज्यू जवळजवळ नाहीत. जर्मन वाचकाला आपल्या हुकूमशहाला हसणे सोपे जाते.

ऑस्ट्रियन रोबेर्ट मेनासेच्या 2017 सालच्या ‘राजधानी’त ही दाखल्याची हौस युरोपच्या दप्तरखान्यात पोहोचते. आपली लोकप्रियता वाढवण्यासाठी ब्रसेल्समधील युरोपीय आयोगाचे अधिकारी आउश्वित्सच्या वाचलेल्यांना केंद्रस्थानी ठेवून एक वर्धापनसोहळा योजतात. मसुदा या टेबलावरून त्या टेबलावर फिरतो, शेरे पडतात, तहकुब्या होतात, आणि वाचलेले किती उरले आहेत याची यादी कोणत्याच खात्यात सापडत नाही. दरम्यान असा एक वृद्ध, डेव्हिड द फ्रिंट, त्याच शहरातल्या वृद्धाश्रमात आपली शेवटची स्मृती कागदावर टिपून ठेवण्याची धडपड करतो आहे आणि त्याच्याकडे कोणी फिरकत नाही. आता यावरचा कळस पाहा. आयोगाचा पहिला अध्यक्ष वाल्टर हालश्टाइन याने आपले पहिले भाषण आउश्वित्स येथे केले, असे मेनासेने कादंबरीबाहेरही छातीठोकपणे सांगितले होते. असे भाषण झालेच नव्हते, आणि हालश्टाइनच्या तोंडी घातलेली काही वचनेही रचलेली होती, हे 2018 च्या अखेरीस उघड होऊन त्याला माफी मागावी लागली. सोहळ्यासाठी आउश्वित्स वापरणाऱ्यांना हसणाऱ्यालाच आउश्वित्स वापरण्याचा मोह आवरला नाही. व्याख्याते म्हणून आम्ही यातून घ्यायचा तो धडा घ्यावा.

या साऱ्याशी आपल्या मुंबईचा संबंध आहे, हे अनेकांना ठाऊक नसते. 1939 च्या सप्टेंबरात ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानातील जर्मनांना अटक करून अहमदनगरच्या छावणीत टाकले, तेव्हा हिटलरच्या भयाने पळून आलेले ज्यूही त्यात जर्मन म्हणूनच धरले गेले. ज्या राष्ट्राने त्यांना जर्मन मानण्याचे नाकारले, त्याच राष्ट्राचे म्हणून नाझींच्या शेजारी. जर्मन आईच्या पोटी जन्मलेल्या अनिता देसाईंनी 1988 साली ‘बाउमगार्टनर्स बॉम्बे’त अशाच एका निर्वासिताचे चरित्र लिहिले. ह्यूगो बाउमगार्टनर कुलाब्याच्या मागील गल्लीत मांजरे पाळून राहतो, इराण्याच्या दुकानातून त्यांच्यासाठी उष्टे मागून आणतो, आणि आसपासच्या लोकांच्या लेखी तो निव्वळ फिरंगी आहे. त्याच्या ज्यू असण्याला येथे काही अर्थच नाही. अखेर त्याच्या घरात सुरा येतो तो एका तरुण, व्यसनी, भटक्या जर्मनाच्या हातून. ही कादंबरी विनोदी नाही. पण दैवाचा उपरोध हिच्याइतका थंडपणे बर्लिनमध्ये बसून कोणी लिहिला नाही.

शेवटचा दाखला रशियन ज्यूंचा. पूर्व जर्मनीच्या नव्या लोकसभेने एप्रिल 1990 मध्ये ज्यूंची क्षमा मागून छळ होणाऱ्या ज्यूंना आश्रय देण्याचे जाहीर केले. एकीकरणानंतरही तो मार्ग चालू राहिला आणि सोव्हिएत मुलखातून कुटुंबांसह 2 लाखांवर माणसे आली. मॉस्कोहून 1990 सालीच बर्लिनला आलेल्या व्लादिमिर कामिनरने ‘रुसेनडिस्को’त हा मामला अत्यंत निर्विकार चेहऱ्याने सांगितला आहे: ज्यांनी सोव्हिएत कागदपत्रांतून ज्यू हा शेरा काढून घेण्यासाठी वर्षानुवर्षे पैसे चारले होते, त्यांनाच तो परत घालून घेण्यासाठी पुन्हा पैसे चारावे लागले. पुढे आणखी एक अडचण आली. सोव्हिएत दप्तरात बापावरूनही माणूस ज्यू ठरे, आणि जर्मनीतील रब्बी मात्र आईवरून ठरवीत. तेव्हा हजारो माणसे सरकारच्या लेखी ज्यू म्हणून राहण्याचा परवाना घेऊन आली आणि संघाच्या दारात ज्यू नाहीत म्हणून थांबवली गेली. कामिनर या सगळ्यावर फार वेळ रेंगाळत नाही. त्याला नाचघर उघडायचे आहे. माक्स शुल्त्सने मात्र हे वाचले असते, तर गोंदवून घेण्याचा आणि सुंतेचा सारा खटाटोप एका मॉस्कोच्या कारकुनाने दुपारच्या जेवणापूर्वी उरकून दिला असता, याचे त्याला खचित वैषम्य वाटले असते.